दंडावरचा पट्टा

आमच्या धाटावला दिवाळीची चाहूल दोन गोष्टींनी लागते. एक म्हणजे कापणीला आलेल्या भाताचा वास, आणि दुसरी म्हणजे कारखान्यांच्या फाटकाशी घोळके करून बोनसची चर्चा करणारी माणसे. रोह्याहून कोलाडकडे जाताना कुंडलिकेच्या अंगाने हे गाव लागते. भिऱ्याच्या वीजघरातले पाणी १९२७ पासून या नदीत येते; त्यामुळे कोकणातल्या इतर नद्या वैशाखात खडक दाखवू लागल्या, तरी आमची कुंडलिका वाहतच असते. पुढे येथे औद्योगिक वसाहत झाली, रासायनिक कारखाने आले, आणि ज्यांच्या बापजाद्यांनी नांगराखेरीज दुसरे काही हाती धरले नव्हते, त्यांची मुले भोंग्यावर उठू लागली.

माझे वडील त्यांतले एक. त्यांचा जन्म १९४९ सालचा. अंगाने काटक, पोट पाठीला लागलेले. सकाळी शेत आणि रात्री कंत्राटदाराकडे हजेरीवर तिसरी पाळी, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. माणूस अंथरुणाला खिळला म्हणजेच तो आजारी, अशी त्यांची समजूत होती. डॉक्टरकडे जायचे तर अर्ध्या दिवसाचा खाडा पडे. औषधाच्या दुकानात मात्र ते पंधरवड्यातून एकदा तरी जात. “शेठ, डोक्याची गोळी द्या,” एवढे बोलून काउंटरला टेकत. शेठ गोळी देत, “जागरण जरा कमी करा, दादा,” असे म्हणत, आणि मग दोघे पावसाविषयी, भाताविषयी, पोरांच्या परीक्षांविषयी दहा मिनिटे बोलत. हा परिपाठ वीस वर्षे चालला.

२००३ साली धावीर महाराजांची पालखी होऊन चार दिवस झाले होते. वडील पाळीवरून आले, अंगणात पाय धुऊ लागले, आणि हातातला तांब्या खाली पडला. उजवे अंग गेले, वाचा गेली. इस्पितळात डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला आणि आकडा सांगितला. वरचा दोनशे वीस. चौपन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या दंडाला लागलेला तो पहिला पट्टा होता. तिसऱ्या दिवशी ते गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर मी दुकानाची उधारी चुकती करायला गेलो. शेठच्या पाठीमागे, फळीवर, रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे ओळीने लावलेली होती. मी किंमत विचारली. साध्या गोळ्यांची एक पट्टी वडिलांच्या एका दिवसाच्या हजेरीपेक्षा स्वस्त होती. वीस वर्षे माझे वडील त्या औषधापासून चार हातांवर उभे राहून गप्पा मारीत होते, आणि ते औषध आपल्यासाठी आहे हे ना त्यांना ठाऊक होते, ना शेठना.

शेठना मी दोष देत नाही. त्या काळी दुकानात रक्तदाब मोजण्याची कल्पनाच आमच्याकडे कोणाला नव्हती. मी शाळामास्तर, शिकलेला मॅट्रिकपर्यंत, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. वैद्यकातले मला काय कळणार? पण तेव्हापासून हा आकडा माणसाला प्रथम कधी कळला, आणि तो माणसाच्या दारापर्यंत यायला इतका उशीर का झाला, याचा मी शोध घेत आलो. त्या शोधाची ही हकीकत आहे.

रोग येण्याआधी त्याची पावले ओळखावीत, हा विचार आपल्याकडे नवा नाही. आयुर्वेदाने रोग ओळखण्याची जी पाच अंगे सांगितली, त्यांत ‘पूर्वरूप’ हे एक स्वतंत्र अंग आहे. पूर्वरूप म्हणजे रोग उघड होण्यापूर्वीची त्याची खूण. प्रमेहाच्या पूर्वरूपांत, माणसाच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे चरकसंहितेने नोंदवून ठेवले आहे. सुश्रुताने तर जन्मतः येणारा आणि कुपथ्याने येणारा असे प्रमेहाचे दोन प्रकार केले, आणि त्यावर पायी लांब मजल मारण्याचा उपायही सांगितला. आमच्याच रायगड जिल्ह्यात, पनवेलला, १८७२ साली धूतपापेश्वरांच्या नावाने औषधांचा कारखाना निघाला, तोही याच विद्येच्या आधाराने.

परंतु मधुमेहाची चुगली करायला निदान मुंग्या तरी होत्या. रक्तदाबाची चुगली करणारे कोणीच नाही. तो वाढलेला असला तरी बहुतेकांना काहीही होत नाही; माणूस जेवतो, झोपतो, नांगर धरतो. माझ्या वडिलांची डोकेदुखी रक्तदाबाचीच होती असेही कोणी ठामपणे सांगू शकणार नाही. हा चोर पाऊल न वाजवता येतो. त्याला पकडायचे तर मोजमाप हवे.

ते मोजमाप प्रथम एका घोडीवर झाले. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीत नळी घालून तिला काचेची उंच नळी जोडली, तेव्हा रक्त त्या नळीत आठ फुटांहून वर चढले. हे त्याने १७३३ साली छापून प्रसिद्ध केले. जिवंत माणसावर असला प्रयोग कोण करू देणार? म्हणून पुढे दीडशे वर्षे गेली. १८९६ साली इटलीतील तुरिन शहरी रिव्हा-रोची या डॉक्टराने सायकलच्या चाकातली रबरी नळी माणसाच्या दंडाला गुंडाळली, तिच्यात हवा भरली आणि पाऱ्याच्या नळीवर दाब मोजला. १९०५ साली रशियातील कोरोत्कोव्ह याने त्या पट्ट्याखाली कानाची नळी लावून आवाज ऐकायला शिकवले, तेव्हापासून वरचा आणि खालचा असे दोन आकडे मिळू लागले.

आता योगायोग पाहा. ज्या १८९६ साली तुरिनला तो पट्टा तयार झाला, त्याच वर्षी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला. मूळचे गोव्याचे डॉक्टर आकासियो व्हिएगश यांनी तो ओळखला. पाठोपाठ पुण्यात साथ पसरली आणि १८९७ साली तेथे घरोघर तपासणी सुरू झाली. तपासणीला गोरे सोजीर आले. ते देवघरापर्यंत शिरले, सामान रस्त्यावर फेकले, बायाबापड्यांची अब्रू पाहिली नाही. लोक रोग्यांना माळ्यावर लपवू लागले. रोगापेक्षा तपासणीची धास्ती मोठी झाली. २२ जून १८९७ च्या रात्री प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्यासह रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. प्लेगच्या मुलाला त्यांनी स्वतः पाठीवरून आणले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्या गेल्या. त्यांच्यापासून कोणी रोगी लपवल्याचे माझ्या वाचनात नाही.

महाराष्ट्राला तपासणीचा पहिला मोठा धडा असा मिळाला. हत्यार तेच, हेतूही कदाचित तोच; पण विश्वासाचे माणूस आले तर दार उघडते, आणि परका दंडुका आला तर आतून कडी लागते. औषधाच्या दुकानाचे महत्त्व मला येथे दिसते. दुकानात माणूस आपल्या पायांनी जातो. शेठ त्याला नावाने ओळखतात, घरात कोणाला दमा आहे, कोणाची सून बाळंत झाली, हे त्यांना ठाऊक असते. विश्वास तेथे आधीपासूनच बसलेला असतो. पट्टा तेवढा आणायचा राहिलेला असतो.

तरी नुसता पट्टा पुरत नाही, हेही इतिहासानेच दाखवले. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या दाराशी आरमाराचा डॉक्टर रोज हजर असे. त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षे वाढत होता आणि त्याचे आकडे कागदावर लिहिले जात होते. १२ एप्रिल १९४५ रोजी त्यांचे चित्र काढणे चालले असता त्यांनी डोक्याच्या मागे भयंकर कळ आल्याचे सांगितले आणि ते कोसळले. त्या वेळी वरचा आकडा ३०० च्या वर होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाचा आकडा मोजलेला होता, परंतु त्यावर धड औषधच नव्हते. माझ्या वडिलांचे याच्या नेमके उलटे झाले. औषध समोरच्या फळीवर, आणि आकडा मात्र कोणी मोजलेला नाही.

या दोन मरणांच्या मधल्या काळात ते औषध आले कोठून? वाचकहो, त्याच्या एका प्रकरणाचा मान आपल्या मुंबईला आहे. सर्पगंधा नावाचे झुडूप आपल्या सह्याद्रीतही आढळते. त्याची मुळी वैद्य पूर्वापार वापरीत. कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ साली तिच्या रक्तदाबावरील गुणाविषयी लिहिले होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी ती मुळी ५० रोग्यांना देऊन, प्रत्येकाचे आकडे काळजीपूर्वक टिपून, १९४९ साली इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. जगभरचे डॉक्टर जागे झाले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले, आणि १९५७ साली डॉक्टर वकिलांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. पुढे याहून चांगली आणि कमी उपद्रवाची औषधे निघाली. पण वकिलांचा निबंध छापला गेला त्या १९४९ सालीच माझे वडील जन्मले होते, हे आठवले की मन खिन्न होते.

औषध हाती आल्यावर प्रश्न उरला तो असा, की निरोगी दिसणाऱ्या हजार माणसांतून धोक्याचा माणूस ओळखायचा कसा? अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम नावाच्या गावाने त्याचे उत्तर दिले. १९४८ पासून तेथल्या ५,२०९ स्त्रीपुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी होऊ लागली. कोण विडी ओढतो, कोणाचा रक्तदाब किती, रक्तात चरबी किती, हे टिपायचे आणि पुढे कोणाला हृदयविकार होतो ते पाहायचे. १९६१ साली त्यांनी जाहीर केले, की हृदयविकार आकाशातून पडत नाही. त्याला धोक्याचे घटक असतात आणि ते आधी मोजता येतात. चरकाने सांगितलेले पूर्वरूप आता आकड्यांत आले. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी तपासणीचे दहा नियम लिहिले. त्यांतले दोन मला फार मोलाचे वाटतात. ज्या रोगावर मान्य उपचार आहे आणि तो उपचार देण्याची सोय आहे, त्याचीच तपासणी करा. आणि तपासणी एकदा करून थांबू नका, ती चालू ठेवा.

आमच्या लोकांच्या बाबतीत तर एक वेगळीच गोष्ट पुढे आली. मधुमेह हा गादीवर लोळणाऱ्या श्रीमंतांचा रोग, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील आया आणि त्यांची बाळे यांचा १९९३ पासून अभ्यास केला. आमची बाळे इंग्रज बाळांपेक्षा वजनाने कमी, पण अंगातली चरबी त्या मानाने कमी नाही, असे त्यांना दिसले. २००४ साली त्यांनी आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉक्टर युडकिन यांनी शेजारी शेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु अंगातली चरबी युडकिन यांची ९ टक्के आणि याज्ञिकांची २१ टक्के! बारीक दिसणारा मराठी माणूस आतून बारीक असेलच असे नाही. पोट पाठीला लागलेल्या माणसानेही गाफील राहू नये.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचा अंदाज असा, की देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, १३ कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि ३१ कोटींहून अधिक लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे. एवढ्या माणसांना शोधायला डॉक्टर कोठून पुरणार? सरकारने २०१० साली या रोगांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम काढला. पुढे आशाताई घरोघर जाऊन तिशीपुढच्या माणसांचे तक्ते भरू लागल्या. २०१७ साली रक्तदाबाच्या नियंत्रणाचा जो खास उपक्रम सुरू झाला, त्याच्या आरंभीच्या जिल्ह्यांत आपल्या कोकणातला सिंधुदुर्ग होता. हे सारे चांगलेच. पण आशाताई दुपारी येतात तेव्हा कामावरचा माणूस घरी नसतो. संध्याकाळी तो कोठे सापडतो? नाक्यावर, केशकर्तनालयात आणि औषधाच्या दुकानात.

हा माझ्या मास्तरी डोक्यातला तर्क नव्हे. अमेरिकेतील लॉस एंजल्स शहरात ५२ केशकर्तनालयांतून असा प्रयोग झाला. रक्तदाब वाढलेल्या ३१९ कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना निवडले. काही दुकानांत औषधतज्ज्ञ स्वतः येऊन, डॉक्टरांशी ठरवून, गोळ्या सुरू करीत. बाकीच्यांत न्हावीदादा फक्त डॉक्टरकडे जायला सांगत. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा आकडा २७ ने उतरला, दुसऱ्या गटाचा सुमारे ९ ने. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून चाळिशीपुढच्या माणसांचा रक्तदाब औषधाच्या दुकानांत मोफत मोजण्याची सरकारी योजना सुरू झाली.

आपल्याकडे हा दुकानदार कोण, हेही लक्षात घ्यावे. पूर्वी वैद्य स्वतःच खलात औषध घोटून देई. मग दवाखान्यात कंपाउंडर आला, लाल मिश्रणाच्या बाटलीवर कागदाची दातेरी पट्टी चिकटवून डोस दाखवणारा. १९४८ च्या फार्मसी कायद्याने औषध देणाऱ्याला शिक्षणाची आणि नोंदणीची अट घातली, आणि २०१५ च्या नियमांनी रोग्याला औषधाविषयी समजावून सांगणे हे त्याचे कामच ठरवले. म्हणजे काउंटरपलीकडचा तो माणूस नुसता वाणी नव्हे. पण तो डॉक्टरही नव्हे, हेही तितकेच खरे. मोजणे आणि योग्य दारी पाठवणे हे त्याचे काम. आकडा पाहून आपल्याच फळीवरची गोळी हातावर ठेवणे हे नव्हे. जेथे तपासणी फुकट आणि तिच्या शेवटी हमखास काहीतरी विकत घ्यावे लागते, तेथे गिऱ्हाइकाने सावध राहावे.

मोजायला फार भांडवल लागते असेही नाही. मद्रासच्या डॉक्टर मोहन यांच्या संस्थेने २००५ साली मधुमेहाच्या धोक्याची एक गुणपत्रिका केली. तिला रक्ताचा थेंबही लागत नाही, शिंप्याची फीत पुरते. वय, कमरेचा घेर, अंगमेहनत आणि आईबापांचा मधुमेह, असे चार प्रश्न. एकूण गुण १००. पुरुषाची कंबर ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत असली तर शून्य गुण. आयुष्यभर मी मुलांना जास्त गुण मिळवायला शिकवले. ही परीक्षा मात्र अशी, की जितके कमी गुण तितका विद्यार्थी हुशार! ६० आणि त्यावर गुण मिळाले तर रक्ताची तपासणी करून घ्यावी.

आता शेवटी घरचीच गोष्ट सांगतो. मागच्या भाऊबीजेला धाकटी बहीण पेणहून आली. पेणचे पोह्याचे पापड आणि सुके बोंबील घेऊन आली. दोन्ही मला फार प्रिय, आणि दोहोंत मीठ भरपूर. ताटात निरांजन लावले, मी पाटावर बसलो, आणि ओवाळणीचे पाकीट पुढे केले तर ती हात मागे घेऊन म्हणाली, “दादा, मला पैसे नकोत. बाबा चौपन्नाव्या वर्षी गेले. तू कधी बीपी मोजलंस?”

मी गप्प राहिलो. एवढे सगळे वाचलेला मी. पण वाचनाच्या नादात स्वतःचा दंड पुढे करायचा राहूनच गेला होता. खरे सांगायचे तर भीती वाटत होती.

संध्याकाळी तिने मला त्याच दुकानात नेले. शेठ आता थकले आहेत. त्यांचा मुलगा औषधशास्त्र शिकून दुकानात बसतो. काउंटरवर गल्ल्याशेजारी ते लहानसे यंत्र होते. त्याने मला खुर्ची दिली आणि म्हणाला, “मास्तर, पाच मिनिटं नुसते बसा. चहा-तंबाखू आत्ताच झाली नाही ना? पाय जमिनीला टेकवा, हात टेबलावर, आणि आता बोलायचं नाही.” मास्तराला गप्प बसवणारा तो पहिलाच विद्यार्थी! दोनदा मोजले. वरचा १५२, खालचा ९६. माझा चेहरा उतरलेला पाहून तो म्हणाला, “एकदा जास्त आला म्हणजे रोग झाला असं नाही. १४० आणि ९० च्या आत असावा. दोन दिवसांनी परत या, मग चिठ्ठी देतो. ती घेऊन सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दाखवा. गोळी मी आत्ता देणार नाही.”

मागे खुर्चीत बसलेले शेठ हे ऐकत होते. ते उठून आले, माझ्या दंडावरचा पट्टा त्यांनी स्वतःच्या हाताने सोडला आणि हलकेच म्हणाले, “दादांच्या वेळी हे यंत्र असतं तर...” पुढे त्यांना बोलवेना. मलाही बोलवेना.

दोन दिवसांनी आकडा तसाच आला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. ती मी रोज सकाळी घेतो. मीठ कमी केले, पापड सणापुरता ठेवला, शाळेत पायी जातो. महिन्यातून एकदा दुकानात खुर्चीवर गप्प बसतो. गेल्या महिन्यात वरचा १३२ होता.

यंदाही बहीण येईल. तिच्या यजमानांनी पंचेचाळिशी ओलांडली आहे आणि त्यांनी अजून दंड पुढे केलेला नाही. संध्याकाळी फराळ झाला की त्यांना फिरायला म्हणून बाहेर काढायचे आणि दुकानापर्यंत न्यायचे, असे मी ठरवून ठेवले आहे.